काळ्या मण्याची मरळ

“लेक आली व, वैनी! लेक आली!”

तळ्याकडून संतरामची हाक आली आणि भिकाबाईने तव्यावरची भाकरी तशीच सोडली. हाताचं पीठ लुगड्याला पुसायचंही तिला सुचलं नाही. दारातून जी सुटली ती भोईवाड्याच्या बोळातून कोंबड्या उडवीत, पारूबाईच्या अंगणातलं वाळवण जेमतेम चुकवीत थेट तळ्याच्या काठावर. पन्नाशीला टेकलेली बाई, एरवी पाण्याची घागर उचलताना दहादा कण्हायची. पण ही हाक ऐकली की तिचे गुडघे सगळं दुखणं विसरत.

संतराम तिचा धाकटा दीर. चिंचखेड्याच्या भोयांचं मोठं जाळं त्याच्या देखरेखीखाली असे. तो कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि त्याच्या हातात एक हातभर लांबीची मरळ अंग वळवीत होती. काळपट रंग, चपटं डोकं, तोंड बरंचसं सापाचं. पण तिच्या पाठीवरच्या पराच्या मुळाशी चांदीच्या तारेची बारीक कडी होती आणि त्या कडीत एक काळा मणी.

“आली का माझी बाय?” भिकाबाई लुगडं भिजतंय याची पर्वा न करता पाण्यात शिरली. बोटाला चिकटलेलं पीठ तिने मरळीच्या तोंडाला लावलं. “मिरे, बरी हाईस ना? तुझी खबर लागली बरं का. हिंगोलीच्या बाजारात तुझ्या सासरचा मानूस भेटला, म्हनला पोरीला दिवस गेले, सातवा लागला. लोकांच्या तोंडून कळावं लागतं व मला? तू काहून न्हाई सांगितलं?”

“वैनी, आवरा,” संतराम हसत म्हणाला. “हातातून सटकून राहिली.”

“एकच बोलते. मिरे, जड उचलू नको. डिंकाचे लाडू करून धाडते. सोडा आता, भावजी.”

मरळ पाण्यात गेली, शेपटीचा एक फटका मारून दिसेनाशी झाली, आणि भिकाबाई तिथेच उभी राहून डोळे पुसत हसत राहिली.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. चिंचखेड्यात कुणाला सांगावं लागत नसे. भोईवाड्यातली लेक सासरी निघाली की बैलगाडी वेशीबाहेर पडायच्या आत आईने तळ्यातला एक मासा घ्यायचा, त्याच्या परात चांदीची कडी घालायची, कडीत आपल्या पसंतीचा मणी ओवायचा आणि मासा परत पाण्यात सोडायचा. तो त्या लेकीचा मासा. पुढे कधी जाळ्यात आला तर त्याला कापायचं नाही. आईला हाक मारायची, आईने त्याच्याशी बोलून घ्यायचं आणि सोडून द्यायचं. मासा धडधाकट तर लेक धडधाकट. त्या काळी मुलूख निजामाचा. भिकाबाईच्या मिराला दिलेलं पैनगंगेच्या पलीकडे, इंग्रजांच्या हद्दीत. मध्ये करोडगिरीचा नाका, तिथे शिपाई गठुडं उघडून जकात बघणार. नवरा वारलेल्या बाईने उठून एकटीने तिकडे जायचं ते कसं आणि कितीदा? म्हणून हा मासा.

आता भिकाबाईची लेक मरळ झाली ती नाइलाजाने. मिराच्या पाठवणीच्या दिवशी जाळ्यात दुसरं काही येईच ना. गाडी जुंपून तयार, पाव्हणे घाई करताहेत, शेवटी जी आली तिलाच कडी घातली. शेजारच्या पारूबाईने मात्र आपल्या शकूसाठी चांगला रुपेरी खवल्यांचा मासा निवडून ठेवला होता, त्याला लाल मणी. त्यामुळे पारूला चिडवायला आयतं निमित्त मिळालं होतं, आणि ते ती सोडत नसे.

“भेटली का सापतोंडी?” भिकाबाई ओल्या लुगड्याने परत येताना पारूने अंगणातून विचारलंच.

“भेटली. तुझ्या शकूची लई चौकशी करून राहिली व्हती. म्हनली, फार नटू नको म्हनाव, बगळा नेईल.”

दोघी हसल्या. दोघींचं असंच चाले. एकीच्या घरात कालवण झालं की दुसरीच्या घरी वाटी जायची आणि वाटीबरोबर एक टोमणाही.

त्या साली तातेराव पाटलाची हळद दणकून आली होती. मळ्यातली विहीर फाल्गुनातच आटली, म्हणून पाटलाने हळद शिजवायच्या मोठाल्या कढया तळ्याच्या काठावर आणून मांडल्या. शेण कालवलेल्या पाण्यात हळद शिजवायची, ती काढून उन्हात टाकायची आणि कढईतलं पाणी तळ्यात उपडं करायचं. दिवसभर चुली पेटलेल्या, दिवसभर तो पिवळा-काळा लोंढा उतारावरून तळ्यात. कुणी काही म्हटलं नाही. शेणपाणी म्हणजे खत, आणि खताने वाईट व्हायचं कारण काय?

चैत्राच्या अखेरीला तळं हिरवं होऊ लागलं.

आधी कडेला नुसती झाक. मग आठ दिवसांत काठापासून काठापर्यंत पाणी असं गच्च हिरवं झालं की त्यात बोट बुडवलं तर बोट हिरवं निघे. वारा नव्हता, ऊन वरून ओतत होतं आणि त्यावर ते हिरवं झगझगत होतं. गावात असं कुणीच कधी पाहिलं नव्हतं. माणसं शेतातली कामं टाकून बघायला येऊ लागली.

भिकाबाईने ते पाहिलं आणि तिच्या अंगावर काटाच आला. आनंदाचा.

“अग माय!” ती ओरडली. “कुनाला कळंना का? आसरांनी शालू नेसला, शालू!”

तळ्याच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड होते. पाण्यातल्या साती आसरा त्या. त्यांची भीती सगळ्यांना. पाण्यात पोर बुडालं, बाळंतिणीला ताप भरला, तर त्यांनीच धरलं म्हणायचं. त्या आसरांनी एवढं हिरवं नेसावं! आणि तेही मिराला दिवस गेल्याचं कळलं त्याच महिन्यात! भिकाबाईला यात शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही. तिच्या लेकीचे डोहाळे आसरा पुरवीत होत्या.

“ओटी भराया पायजे,” ती घरोघर सांगत सुटली. “समद्या जनींनी. आसरा खूश हायती, आता मागाल ते मिळंल.”

आणि बायकांना मागायचं काय कमी होतं? पुढच्याच मंगळवारी सगळा भोईवाडाच काय, पाटलाच्या घरच्या बायकाही वाजतगाजत तळ्यावर आल्या. संतरामने डफ घेतला. आधी तो जरा कुरकुरला होता, पाण्याला वास येतोय म्हणाला होता, पण डफ हातात आल्यावर त्याचा त्यालाच विसर पडला. दहीभात, गूळ, दूध, हिरव्या बांगड्या, पिठाचे दिवे, जिला जे जमेल ते तिने पाण्यात सोडलं. घमेल्याने भात पडला. तातेराव पाटलांनी स्वतः दुधाची चरवी उपडी केली आणि मिशीवर हात फिरवत भिकाबाईला म्हणाले, “बरं झालं तू वळखलं. न्हाईतर आमी शेवाळ समजून बसलो असतो.”

भिकाबाईला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं. आयुष्यात पहिल्यांदा गावाने तिचं ऐकलं होतं. पारूनेही टोमणा न मारता तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

शेवाळच होतं ते. डोळ्याला वेगळं दिसणार नाही इतकं बारीक, हळदीचं शेणपाणी खाऊन माजलेलं. त्यात आता भात आणि दूध. वरचं शेवाळ उन्हात मरून खाली बसू लागलं, कुजू लागलं, आणि कुजताना पाण्यातली हवा गिळू लागलं. पण हे तिथे कोण सांगणार? आणि सांगितलं असतं तरी त्या मंगळवारी कुणी ऐकलं नसतं.

उत्सवाला आठवडा झाला नसेल, एका ढगाळ, कोंदट सकाळी तळ्यावरून आरोळ्या आल्या. या वेळी लेकीची हाक नव्हती. सगळं गावच ओरडत होतं.

“मासे वर आले! धावा रे, मासे आपनहून आले!”

काठावर जत्रा लोटली. हिरव्या पाण्यावर सगळीकडे तोंडंच तोंडं. शेकडो मासे पाण्याबाहेर तोंड काढून आ वासत होते, हाताला येत होते, पळतही नव्हते. जाळं नको, गळ नको. माणसांनी टोपल्या, सुपं, धोतरं, जे सापडेल ते घेतलं आणि पाण्यात उड्या टाकल्या. म्हातारे पोरांसारखे हसत होते. ज्यांनी जन्मात मासा धरला नव्हता ते छातीशी मासे कवटाळून काठावर येत होते.

“आसरांचा परसाद!” कुणीतरी ओरडलं.

“भिकाबाई, तुज्यामुळं व्हय हे!”

भिकाबाईही टोपली घेऊन पाण्यात होती, हसत होती, भरत होती. एवढ्यात शेजारून एक किंकाळी आली. पारूबाई दोन्ही हातांत एक रुपेरी मासा धरून उभी होती. माशाचे कल्ले हलत नव्हते. परातल्या कडीत लाल मणी होता.

“शकू,” पारू म्हणाली. “शकू व माय. हालंना झाली.”

तिने मासा पाण्यात धरला, पुढेमागे हलवला, तोंडात फुंकर मारली. हात सोडला की तो कुशीवर होऊन पोट दाखवायचा.

त्यानंतर काठावर जे झालं ते बघवत नव्हतं. हसणाऱ्या बायका एकाएकी टोपल्यांवर तुटून पडल्या. स्वतःच्या, दुसऱ्याच्या, कुणाच्याही. टोपली उपडी करायची, मासे चाचपायचे, कडी शोधायची. निळा मणी सापडला, एक बाई खाली बसली. पांढरा सापडला. भिकाबाई तर वेडीच झाली. “काळा मनी, काळा मनी कुनी पाह्यला का?” करत ती या माणसाच्या धोतरात हात घाल, त्या माणसाचं सूप ओढ, अशी काठभर पळत होती. पोटाशी धरलेली लेक पंधरा गावं पलीकडे, तिच्या पोटात लेकरू, आणि इथे तिचा जीव कुठल्या टोपलीत पडला असेल या विचाराने ती त्याच त्या टोपल्या पुन्हापुन्हा उपड्या करी. संध्याकाळपर्यंत तिने तळ्याचा काठ पिंजून काढला. मरळ मिळाली नाही. मेलेली नाही, जिवंतही नाही.

त्याच दुपारी पाटलाची कालवड काठाला साचलेली हिरवी साय पिऊन घरी गेली आणि पाय झाडत गोठ्यात मेली. मग कुणी प्रसाद म्हणेना. घरात नेलेले मासे लोकांनी गपचूप उकिरड्यावर टाकले. तातेरावांनी कढया उचलून नेल्या, त्या का उचलल्या हे त्यांना सांगता आलं नसतं. भीती वाटली, एवढंच.

भिकाबाई पारूच्या दारात गेली. पारू उंबऱ्यावर बसली होती, मुठीत लाल मणी.

“पारे...”

“तूच म्हनली व्हती,” पारू वर न बघता म्हणाली. “शालू नेसला म्हनली. मी घमेलंभर भात टाकला तुज्या सांगन्यावरून.”

भिकाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. ती परत घरी आली. त्या दिवसापासून वाटी बंद झाली.

पारूचा मुलगा बहिणीच्या सासरी जाऊन आला. शकू धडधाकट होती, भाकरी थापत होती, उलट भावालाच रागावली, एवढ्या उन्हाचा काहून आला म्हणून. पारूने सगळं ऐकलं, देवापुढे दिवा लावला आणि पुन्हा रडायला बसली.

“आता कशाला रडतीस, माय?” मुलाने विचारलं.

“मी आता बोलू कुनासंगं?” ती म्हणाली.

तळ्याची तर दशाच झाली. हिरवं गेलं, राखाडी, गढूळ, घाण वासाचं पाणी राहिलं. काठाच्या शिंपल्या तोंडं उघडी टाकून मेल्या. बगळे दोन दिवस मेजवानी झोडून निघून गेले ते परत आले नाहीत. एक खंड्या तेवढा बाभळीच्या फांदीवर बसून राही. सूर मारायचा, रिकाम्या चोचीने वर यायचा, आणि एक दिवस तोही दिसेनासा झाला. डासांची पिल्लं खायला पाण्यात मासोळी उरली नाही, तेव्हा संध्याकाळी डासांचे ढग भोईवाड्यात शिरू लागले. संतरामने जाळं गुंडाळून आढ्याला टांगलं आणि पाटलाच्या बांधावर मजुरीला जाऊ लागला.

भिकाबाई मात्र रोज काठावर जाऊन बसे. लोक तिला टाळत होते, हे तिला कळत होतं, आणि ते बरोबरच आहे असं तिला वाटत होतं. तिला फक्त एकदा काय ते समजायला हवं होतं. नाक्यापलीकडून निरोप येत नव्हता. दिवस भरत आले होते.

ज्येष्ठातल्या एका दुपारी ती अशीच बसली असताना पाणी हललं. आटून डबकं झालेल्या तळ्याच्या मधोमध एक चपटं काळं तोंड वर आलं, हवेचा एक घोट घेतल्यासारखं उघडलं, मिटलं आणि खाली गेलं.

भिकाबाई उठून उभी राहिली. हाक मारायलाही तिला भीती वाटली. थोड्या वेळाने ते तोंड पुन्हा वर आलं, या वेळी पाठही वर आली, आणि उन्हात काहीतरी चमकलं.

“भावजी!” तिच्या ओरडण्याने सगळा भोईवाडा जागा झाला. “भावजी, धावा! लेक हाय! माझी लेक जित्ती हाय!”

संतराम कुदळ टाकून आला, आढ्याचं जाळं ओढून घेऊन पाण्यात शिरला. बायका धावल्या, पोरं धावली. पहिल्या फेकीला मरळ हुकली तेव्हा अख्ख्या काठाने एकदम ‘आई गं’ केलं. दुसऱ्यांदा सापडली. वाळलेली, अंगावर ओरखडे, पण जाळ्यात धडाधड उसळत होती. कडी जागेवर होती, काळा मणीही.

“मरळ वरची हवा पिती ना,” संतराम धापा टाकत, हसत, रडत म्हणाला. “म्हनून राहिली, वैनी! बाकीच्यायला ते जमलं न्हाई. हिलाच जमलं!”

भिकाबाईने मरळ हातात घेतली. तिने नुसतं कपाळ तिच्या ओल्या डोक्याला टेकवलं.

वर पाहिलं तर पारू समोर उभी. मूठ पुढे केलेली, मुठीत लाल मणी.

“भिके,” पारू म्हणाली. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदा हाक मारली. “हिच्या कडीत माझ्या शकूचा मनी बी घाल. येवढं कर. मी सापतोंडी म्हनले, ते माझं चुकलं.”

मग मागून निळा मणी पुढे आला. पांढरा आला. एक पिवळा. तळ्यात लेक गमावलेल्या सगळ्या आया हात पुढे करून उभ्या होत्या, आणि कुणी भिकाबाईला काही टोचून बोलत नव्हतं. तेच तिला सहन होईना.

तिने मरळीकडे पाहिलं. एवढ्याशा कडीत एवढ्या लेकी कशा मावणार? आणि कुणाचा मणी घालायचा, कुणाला नाही म्हणायचं? तिची बोटं कडीपाशी गेली. बायकांना वाटलं ती मणी ओवायला कडी उघडतेय. तिने तार उलगडली, हलक्या हाताने परातून ओढून काढली आणि काळ्या मण्यासकट आपल्या ओच्यात टाकली.

“काय केलं व हे!” पारू ओरडली. “मिराचे दिवस भरले अन् तू कडी काढली? आता वळखशील कशी?”

“कशाला वळखायची?” भिकाबाई म्हणाली. “माझी म्हनून ठिवली तर माझ्या येकटीचीच राहील. आता समद्यांची हाय. शकू हाय, मिरा हाय, तुमच्या लेकी बी हायती. जिला बोलायचं तिनं बोला.”

आणि तिने हात उघडले. राखाडी पाण्यात मरळ गेली. कुठल्याच मण्याशिवाय, दुसऱ्या कुठल्याही मरळीसारखी.

पावसाने त्या साली तळं काठोकाठ भरलं. वरच्या नाल्यातून नवं पाणी आलं, त्याबरोबर नवी मासोळी आली, मरळीही आल्या. डास कमी झाले. तातेराव पाटलांनी हळदीच्या कढया पुन्हा काही तळ्यावर मांडल्या नाहीत. मिराचा निरोप अजून आला नव्हता. पैनगंगेला पूर होता, नावा बंद होत्या. भिकाबाई चुलीपाशी बसून दाराकडे बघत असे.

एका सकाळी संतरामने हंगामातलं पहिलं जाळं ओढलं. त्यात एक मरळ होती, हातभर लांबीची. पाठीवर कडीची खूण होती की दगडाचा ओरखडा, त्याला कळेना. कुणाच्या घराकडे तोंड करून हाक मारावी, तेही कळेना. त्याने जरा विचार केला आणि नुसतंच मोठ्याने ओरडून दिलं.

“लेक आली व!”

भोईवाड्यातलं एकेक दार उघडलं. पिठाच्या हातांनी, ओल्या केसांनी, कडेवरच्या नातवंडांसकट बायका तळ्याकडे धावत सुटल्या. भिकाबाई सगळ्यांत मागे राहिली. ती पाण्याशी पोचली तेव्हा पारू आधीच गुडघाभर पाण्यात होती.

“तू बोल पयलं,” भिकाबाई म्हणाली आणि दोन पावलं मागे सरकली.

पारूने बोटाचं पीठ मरळीच्या तोंडाला लावलं, वाकली, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “मिरे, सुखरूप मोकळी झालीस ना व माय? तुझी आई हितं झुरून राहिली.”